नवऱ्याला पुरेल अशी फरशी

कोणाच्याही घरी गेली की ती आधी बाथरूमचा दिवा लावून बघायची. जायचं नसलं तरी.

कप ठेवण्याआधी टेबलावरून अंगठा फिरवायची. मग अंगठ्याकडे बघायची. मग घरातल्या बाईकडे.

आरशासमोर उभी राहिली तरी स्वतःला बघायची नाही. आरसा बघायची.

हसताना हात तोंडावर नाही, नाकावर ठेवायची. ॲसिडच्या वाफेत जन्म काढल्यावर हात आपोआप तिकडेच जातो.

साबणाला खोटारडा म्हणायची. "वास सोडतो, मळ सोडत नाही."

नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही. त्यात मानबिन काही नव्हता. तेवढ्यासाठी तोंड कशाला विटाळायचं, असं तिचं म्हणणं.

एका मोठ्या हॉटेलात ती साफसफाई करणाऱ्या बायकांची सुपरवायझर होती. तिथे तिला ॲसिडबाई म्हणत. हे नाव हातातल्या बाटलीवरून पडलं की जिभेवरून, याबद्दल बायकांत दुमत होतं. ती सुपरवायझर झाल्यावरही हाताखालच्या बायकांबरोबर गुडघ्यावर बसून घासायची. पायांत काळे गमबूट, हातांत कोपरापर्यंत मोजे. ती एखाद्या खोलीतून बाहेर पडली की पुढच्या पाहुण्याला वाटावं, इथे याआधी कोणी अंघोळच केली नसेल.

आणि घरी नवरा होता.

तो लांब पल्ल्याची बस चालवायचा. गल्लीत त्याला ड्रायव्हरच म्हणत. उंच, देखणा, मिशा काळ्याभोर. मिशा पिकायला लागल्या त्या वर्षी त्यानं कलप आणला, तेव्हापासून बेसिनच्या कडेला कलपाचे ठिपके. दाढीचा फेस बेसिनला चिकटून वाळलेला. त्यात कापलेले केस. पत्र्याच्या डब्याच्या बुडाचा गंजलेला गोल. दुनियेचे बेसिन पुसून ती घरी यायची आणि हे पुसायची. एकदा तिनं आठवडाभर हात लावला नाही. आठवड्यानं तो शेजाऱ्याकडे जाऊन दाढी करायला लागला.

मूलबाळ नव्हतं. दोष कोणाचा, यावर ते बरीच वर्षं भांडले. मग कंटाळले आणि दुसऱ्या विषयांवर भांडू लागले.

तो मारायचा नाही. हे लोक आवर्जून सांगतात. पण त्याच्याकडे एक हसू होतं. ती काहीही बोलली की तो समोरच्याकडे बघून तसं हसायचा, म्हणजे बघा, मला काय काय ऐकावं लागतं. त्या हसण्यापेक्षा थप्पड बरी, असं ती एकदा धाकट्या बहिणीला म्हणाली होती.

धाकटी बहीण दुसऱ्या गावात एकटी राहायची. तिच्या घरात मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती. दोघींचं ठरलेलं होतं. ताई निवृत्त झाली की तिकडे. ताईनं नवऱ्यालाही तोंडावर सांगून टाकलं होतं. "नोकरी संपली की मी चालले. तुमचं तुम्ही बघा." तो हसला. समोर कोणी नव्हतं, म्हणून भिंतीकडे बघून हसला.

ती निवृत्त झाली. बॅग भरली. आणि त्याच आठवड्यात त्याला अर्धांगाचा झटका आला.

"मुद्दाम केलं," ती बहिणीला फोनवर म्हणाली.

"ताई, असं कोणी मुद्दाम करतं का?"

"तू त्यांना ओळखत नाहीस."

जीव वाचला. तोंड तर लगेच सुटलं. उजवा हातही हळूहळू वळला. पाय मात्र अर्धाच परत आला. काठी घेऊन तो घरात फिरायचा, स्वतः जेवायचा, स्वतः दाढी करायचा. फक्त अंघोळ जमत नव्हती. बाथरूम जुनं होतं. दाराशी घोट्याइतका उंबरा, आत वीतभर खोल मोरी, धरायला काही नाही. त्याला रोज अंघोळ घालावी लागे.

अंघोळीला माणूस ठेवून पाहिला. पहिल्याला त्यानं तांब्या फेकून मारला. दुसऱ्याला आईवरून शिवी दिली. तिसरा दारातूनच परत गेला, पहिल्यानं त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. परक्याचा हात अंगाला लागू देणार नाही, असं ड्रायव्हरचं म्हणणं. घरचा हात एकच होता.

"हात वर," ती म्हणायची.

"दुखतोय."

"तोंड नाही ना दुखत? मग हातही दुखत नाही."

"पाणी गार आहे."

"आणि तुम्ही कोण, राजे का? डोळे मिटा. साबण जाईल."

"जाऊ दे. तुझं तोंड तरी दिसणार नाही."

"माझी कुठे हौस आहे तुमचं दिसावं म्हणून? मी पाठ घासते ती त्यासाठीच."

अशी अंघोळ. रोज. ती घोटून घोटून घासायची, जणू टाकी साफ करतेय. तो दात खाऊन बसायचा. अंग पुसून झालं की दोघं दिवसभर एकमेकांशी बोलायचे नाहीत. बोलण्यासारखं सगळं बाथरूममध्ये संपलेलं असायचं.

एके दिवशी त्याच्या डोक्यावर पाणी ओतता ओतता ती थांबली. "ऐका," म्हणाली. "बाथरूम नवीन करून घेते. उंबरा नाही, मोरी नाही. बसायला ओटा, धरायला दांड्या. ज्या दिवशी तुम्ही आपले आपण अंघोळ करून बाहेर याल, त्या दिवशी मी जाईन."

"बघू," तो म्हणाला. डोळ्यांत साबण होता, तरी त्यानं डोळे उघडले.

फंडाचे पैसे तिचे होते. त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच होता. ती गेल्यावर हे बाथरूम घासणार कोण? तो घासणार नाही, हे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं. म्हणजे फरशी अशी हवी, भिंत अशी हवी, बेसिनचा कट्टा असा हवा, की तो माणूस तिथे वर्षानुवर्षं एकटा राहिला तरी कशाचंच काही बिघडणार नाही. बिघडलं की तो फोन करणार. फोन केला की गल्ली तिला नावं ठेवणार. तिला फोन नको होता.

टाइल्सच्या दुकानात टाय लावलेला सेल्समन होता. तो म्हणाला, "मॅडम, हा माल लाइफटाइम आहे."

"कोणाचं लाइफ?"

"म्हणजे... तुमचं."

"माझं नको. नवऱ्याला पुरेल असं दाखव. तो खूप टिकणार आहे."

सेल्समन हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. संगमरवर, ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, लॅमिनेट, ॲक्रिलिकचा पत्रा, चकचकीत विट्रिफाइड टाइल, खरबरीत विट्रिफाइड टाइल. तिनं प्रत्येकाचा तुकडा मागितला. "सॅम्पल बघून परत आणून द्या," तो म्हणाला. ती म्हणाली, "परत घ्यावंसं वाटलं तर घे."

गॅलरीत तिनं ते तुकडे शाळेतल्या पोरांसारखे ओळीनं मांडले. मग नवऱ्याच्या कपाटातून एकेक वस्तू आणली. मिशांचा कलप. जखमेवरचं तांबडं औषध. दाढीचा फेस. गंजका पत्र्याचा डबा. तंबाखूची थुंकी मागायला ती त्याच्यासमोर वाटी घेऊन उभी राहिली.

"यात थुंका."

"वेड लागलंय का?"

"जन्मभर बेसिनमध्ये थुंकलात, तेव्हा मला विचारलं होतं? थुंका."

तो थुंकला. अगदी मनापासून.

प्रत्येक तुकड्यावर तिनं हे सगळं थोडं थोडं लावलं आणि रात्रभर राहू दिलं. सकाळी गमबूट घातले, मोजे चढवले, बाटली काढली आणि बसली. संगमरवर ॲसिडचा थेंब पडताच फसफसला. "नाजूक साजूक," ती म्हणाली आणि तो बाजूला टाकला. ग्रॅनाइटनं कलप पिऊन टाकला. पांढऱ्या क्वार्ट्झवर तांबड्या औषधाची पुसट सावली राहिली ती राहिलीच. लॅमिनेटचा तुकडा बादलीत बुडवून ठेवला होता, त्याची कड पावासारखी फुगली. ॲक्रिलिकला तारेच्या चोथ्यानं ओरखडे पडले. खरबरीत टाइल डाग धरत नव्हती, पण तिच्या खाचांत फेस आणि केस जाऊन बसले. ते काढायला ब्रश लागला.

ती त्या टाइलकडे शत्रूकडे बघावं तसं बघत राहिली. तिचं उभं आयुष्य खरबरीत फरशीच्या खाचा कोरण्यात गेलं होतं. हॉटेलच्या मालकाला दर काही वर्षांनी कोणीतरी सांगायचं की खरबरीत फरशी फॅशनमध्ये आहे. तो बसवायचा. गुडघे जायचे ते बायकांचे.

चकचकीत विट्रिफाइड टाइलवर काहीच राहिलं नाही. कलप नाही, औषध नाही, गंज नाही. ॲसिड पाण्यासारखं वाहून गेलं. ओलं फडकं एकदा फिरवलं की झालं. आणि एखादेवेळी फडकंही फिरवलं नाही, नुसतं पाणी ओतलं, तरी झालं.

"हीच," ती म्हणाली. "भिंतीला हीच, कट्ट्याला हीच, जमिनीला हीच."

ड्रायव्हर गॅलरीच्या दारात काठी टेकून उभा होता. त्यानं वाकून तो तुकडा उचलला. पालथ्या हातानं त्याच्यावरून पाणी निपटलं. मग तळहात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. तुकडा परत ठेवला.

"चांगली आहे," म्हणाला.

लग्न झाल्यापासून तिनं निवडलेल्या कुठल्याही वस्तूला तो चांगली म्हणाला नव्हता. तिला संशय यायला हवा होता. तिला वाटलं, हरला.

फरशी बसवणारा मिस्त्री मोठा बोलघेवडा. त्यानं माल बघितला आणि कान खाजवला. "मावशी, भिंतीला एक नंबर. कट्ट्यालाही चालेल. जमिनीला मात्र खरबरीत घ्या. काकांचा पाय असा."

"खरबरीत कोण घासणार? तू येणार आहेस?"

"मी कशाला येऊ? बाई ठेवा."

"बाई. यांच्या तावडीत बाई देऊ? तीन बाप्ये पळाले."

"मावशी, पण ओली झाली की..."

"मिस्त्री, मी किती बाथरूम धुतलीत माहीत आहे तुला? चकचकीत फरशीवर एकदा तरी पडले का मी? विचार हॉटेलात कोणालाही."

ती खरंच कधी पडली नव्हती. मिस्त्रीनं ड्रायव्हरकडे बघितलं. "काका, तुम्ही तरी सांगा."

"मी काय सांगणार?" ड्रायव्हर म्हणाला. "तिला सगळं कळतं." आणि मिस्त्रीकडे बघून ते हसू हसला.

काम सुरू झालं. जुनी मोरी फुटली, उंबरा गेला, घरभर धुरळा. ड्रायव्हरची अंघोळ तेवढे दिवस स्वयंपाकघरात, खुर्चीवर, ओल्या फडक्यानं. तो म्हणायचा, "न्हाणीघर बांधतेयस की राजवाडा?" ती म्हणायची, "तुरुंग. तुमच्या एकट्यासाठी." ती मिस्त्रीच्या मानेवर बसून काम करून घ्यायची. टाइलखालचा सिमेंटचा मसाला पातळ लावला की परत खरवडायला लावायची. "पोकळ वाजता कामा नये. जन्मात सुटता कामा नये." ती हातोडीच्या दांड्यानं प्रत्येक टाइल ठोकून ऐकायची. सांधे कमी हवेत म्हणून टाइल्स मोठ्या, आणि सांध्यांत साधं सिमेंट नाही, इपॉक्सी, दगडासारखा घट्ट होणारा डिंक. सिमेंट काळं पडतं. मिस्त्री बायकोला म्हणाला म्हणे, या म्हातारीनं बाथरूम बांधून घेतलं की मी महिनाभर बाथरूमलाच जाणार नाही.

बहिणीचा फोन यायचा. "ताई, खोलीला रंग दिलाय. कधी येतेस?"

"फरशी बसली की."

"आणि भाऊजी?"

"त्यांचं काय? चकचकीत ठेवून येते त्यांना."

आणि ते खरंच सुरेख झालं. बेसिनचा कट्टा भिंतीतून पुढे आलेला, खाली मोकळा, म्हणजे खुर्ची घेऊन बसलं तरी गुडघे आत जावेत. शॉवरखाली बसायचा दगडी ओटा, त्यावर तीच टाइल. दोन्हीकडे स्टीलच्या दांड्या. जमीन सलग, दारापासून जाळीपर्यंत हलका उतार. दुपारच्या उजेडात ती जमीन तळ्यासारखी दिसायची. मिस्त्री गेला. ती एकटीच आत उभी राहिली, गमबूट घालून, आणि सगळीकडे बघून घेतलं. यात माझं काही काम उरलं नाही, असं ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भरलेली बॅग दाराशी आणून ठेवली. नळ सोडला, पाणी कोमट केलं, साबण ओट्यावर ठेवला, टॉवेल दांडीवर टाकला.

"चला," ती म्हणाली. "आज तुमचा तुम्ही."

तो बाथरूमच्या दारात आला. काठीचं टोक फरशीवर टेकवलं. ते पुढे सरकलं. त्यानं काठी मागे घेतली.

"आधी तू," म्हणाला.

"माझी अंघोळ झाली."

"अंघोळ कर म्हटलं नाही. उभी राहा. बूट काढून."

"बूट कशाला काढू?"

"मी काय बूट घालून अंघोळ करू?"

तिनं बूट काढले. गमबुटात वर्षानुवर्षं राहून पावलं पांढरी, मऊ झालेली. तिनं एक पाय ओल्या फरशीवर ठेवला. मग दुसरा. साबणाचा ओघळ तिथपर्यंत आलेला होता. तिनं ओट्याकडे पाऊल उचललं आणि खालची जमीन निघून गेली. हात दांडीवर पडला म्हणून डोकं वाचलं. गुडघा ओट्याच्या कडेवर आपटला आणि ती त्या सुरेख फरशीवर बसली, पाय पसरून, पाण्यात.

ड्रायव्हर दारात उभाच होता.

"पहिल्या दिवशीच कळलं होतं मला," तो म्हणाला. "गॅलरीत. हात फिरवला ना, तेव्हाच. ओल्या रस्त्यावर जन्म गेला माझा. कुठे चाक धरतं आणि कुठे नाही, हे मला कोणी सांगायला नको."

ती गुडघा दाबत होती. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू दुसरी घेतली असतीस."

"म्हणून?"

"म्हणून काय? दुसरी घेतली असतीस आणि गेली असतीस."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्याच्या तोंडून काहीतरी वेगळं ऐकू येईल असं वाटलं. कदाचित. तिनं विचारलंच. "मी जाऊ नये म्हणून?"

"तू राहावीस अशी कोणाला हौस आहे?" तो म्हणाला. "तुला जाता येऊ नये म्हणून."

आणि हसला. या वेळी भिंतीकडे नाही, कोणाकडे नाही, थेट तिच्याकडे बघून.

ती दांडी धरून उठली. ओल्या साडीनिशी बाहेर गेली. मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री दुसऱ्या कामावर होता, म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो. "छन्नी आणि हातोडा इथेच राहिलाय तुझा," ती म्हणाली. "असू द्या मावशी, आलो की नेतो." "नेशील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

छन्नी दारापाशी लावली आणि पहिला घाव घातला. टाइलवर नुसता एक पांढरा ठिपका उमटला.

ती टाइल फुटायला किती वेळ गेला, देव जाणे. पोकळ वाजू नये म्हणून तिनंच मसाला भरभरून घालायला लावला होता. कुठेच पोकळ नव्हतं. सांध्यात छन्नी जात नव्हती, तिथे इपॉक्सी. कुठल्याच टाइलखाली जागा नाही, कुठलाच कोपरा सुटत नाही. मिस्त्रीला घातलेली एकेक शिवी तिला परत मिळत होती. तुकडा निघायचा तोही नखाएवढा. ती बसून फोडायची, गुडघा दुखायला लागला की कुशीवर वळून फोडायची. ठिकऱ्या भिंतीला लागून वाजायच्या.

ड्रायव्हरनं खुर्ची दाराशी ओढून घेतली. तमाशा बघायला बसावं तसा बसला.

"हळू. नवीन बाथरूम आहे."

तिनं छन्नी पुढे सरकवली.

"लाइफटाइम माल. सेल्समन सांगत होता ना."

घाव.

"शेजारी विचारतायत, काय चाललंय. काय सांगू?"

"सांगा, बायको सुटतेय," ती म्हणाली. मान वर न करता.

तिन्हीसांजेपर्यंत दारापासून ओट्यापर्यंत एक पट्टा तयार झाला. माणूस काठी घेऊन जाईल एवढा रुंद. टाइल गेली होती. खाली राहिला होता तो करडा, दाणेदार मसाला, तिनंच दाबून घेतलेला. कडा धारदार होत्या. तिनं दगड घेतला आणि त्या घासून बोथट केल्या. ठिकऱ्या वेचल्या. पाणी टाकलं, साबणाचा फेस ओतला. मग अनवाणी त्या पट्ट्यावरून चालली. ओट्यापर्यंत गेली, वळली, परत आली. पाय घट्ट बसत होता. तिच्या हातांना फोड आले होते आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. बेसिनखालची आणि पलीकडच्या भिंतीकडची फरशी अजून तशीच चकाकत होती. "बाकीचं उद्या," ती म्हणाली आणि छन्नी अर्ध्या फुटलेल्या टाइलच्या फटीत तशीच सोडली.

सकाळी ती खुर्ची त्याच्यासमोर ठेवून बसली. हातोडा मांडीवर.

"रस्ता आता धरतो," ती म्हणाली. "चालवा."

"मन नाही."

"ठीक आहे." ती शांतपणे म्हणाली. "मग मी बॅग सोडते. कपडे परत कपाटात. बहिणीला कळवते, येत नाही. आणि ऐका, मी राहिले ना, तर नीट राहीन. रोज. तुमच्या शेजारी. अंघोळ घालीन, मिशांना कलप मीच लावीन, तोंडात घास मीच देईन. लोक म्हणतील, काय बाई आहे, सती सावित्री. आणि गल्लीतला एकेक माणूस येऊन तुम्हाला सांगेल, नशीबवान आहेस रे ड्रायव्हर. मरेपर्यंत सांगतील. तुम्ही मरेपर्यंत."

तो हसायला गेला. ते हसू कोणाला दाखवायचं, हे त्याला सुचलं नाही.

त्यानं काठी घेतली. दाराशी थांबला, टोक त्या करड्या पट्ट्यावर ठेवलं. सरकलं नाही. उजवा पाय ओढत ठेवला, डावा ठेवला. दांडी धरली. ओट्यावर बसला. आणि मग, गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, त्यानं काठीनं दार आतून लोटून घेतलं.

पाण्याचा आवाज आला. तांब्या पडल्याचा आवाज आला. तिला उद्देशून एक लांबलचक शिवी आली. परत पाणी. ती बाहेर ताठ बसून होती. उठली नाही, दाराला कान लावला नाही, काय झालं म्हणून विचारलंही नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तो टॉवेल गुंडाळून उभा. सदरा उलटा. एका कानामागे फेस तसाच राहिलेला, मानेवर ओघळत होता.

तिनं तो फेस बघितला. हात मांडीवरच ठेवला.

"फेस राहिलाय का?" त्यानं विचारलं.

"असेल," ती म्हणाली.

तिनं हातोडा खाली ठेवला. चप्पल घातली, लंगडत बॅगेपर्यंत गेली, बॅग उचलली. दार लावून घेतलं नाही. जिन्यावरून ती बराच वेळ उतरत होती, गुडघा वाकत नव्हता. तो दारात उभा राहून ऐकत होता. ती खरंच गेली, हे गल्लीला संध्याकाळपर्यंत पटलं नाही. काहींना अजून पटत नाही.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री आला. त्याच्या खांद्यावर खरबरीत टाइल्सचा खोका होता, त्यानंच आपल्या मनानं आणलेला. "काका, उरलेली फोडतो आणि सगळीकडे ही बसवतो. एका दिवसाचं काम."

ड्रायव्हर दार अडवून उभा राहिला. अंघोळ झालेली, मिशा काळ्या.

"हात लावायचा नाही," म्हणाला. "जिनं सुरू केलं तिनं संपवायचं. उद्या करते म्हणून गेलीय."

"काका, मावशी आता कुठल्या..."

"फोन कर तिला. सांग, काम अर्धं टाकून गेलीस."

मिस्त्रीनं जिन्यात उतरून फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, रोज अंघोळ करतात का? मिस्त्री म्हणाला, करतात. ती म्हणाली, "मग झालं," आणि फोन ठेवला.

ती फरशी अजून तशीच आहे. दारापासून ओट्यापर्यंत करडी, फोडलेली. ओट्याच्या पलीकडे, बेसिनखाली, भिंतीपर्यंत, तळ्यासारखी चकचकीत. जिथे एक संपते आणि दुसरी सुरू होते तिथे अर्धी फुटलेली एक टाइल आहे. तिच्या फटीत मिस्त्रीची छन्नी अडकून राहिलीय. पुढचा घाव घालायला ठेवावी तशी, उभी.